नववीला खिचडी नसते

७ जुलै

आज आवडीच्या थोबाडीत मारली! ती फक्त पेनचं टोपण टकटक वाजवत होती. पाचवीपासून माझ्याच बाकावर बसते — आणि माझा हात कधी उठला मलाच कळलं नाही. नूतनबाईंनी बाहेर उभं केलं. "ऋतिका, तुला झालंय तरी काय?" मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का?

८ जुलै

तिसऱ्या तासाला झोपले. चौथ्यालाही.

११ जुलै

रेशनवर आईचा अंगठा आजही उठला नाही. तीन वेळा पदराला पुसून लावला. भातलावणीच्या चिखलात बोटं झिजलीत, मशीन तिला ओळखतच नाही. दुकानदार म्हणाला, "महाडला जाऊन आधार नीट करा, मग या." महाडला जायचं तर दिवसाचा रोज बुडतो. आणि बाबांचं मुंबईतलं वॉचमनचं काम सुटलंय, आता ते फोनच उचलत नाहीत. गावचं, कुडपणचं घर बंद करून आम्ही शाळेसाठी पोलादपूरला खोली घेतली, ती त्यांच्याच जीवावर.

संध्याकाळी तिघांत एक भाकरी. आई म्हणाली, "मी शेतावर जेवले गो." खोटं!

माझा भाऊ हृतिक सहावीत आहे, त्याला शाळेत खिचडी मिळते. मलाही आठवीपर्यंत मिळायची. नववीला नसते. एक वाजता वास मात्र आमच्या वर्गात येतो. नववीत गेलं की भूक लागत नाही, हे कुणी ठरवलं?

१५ जुलै

गणितात वीसपैकी चार. मागच्या वर्षी पहिली आले होते! प्रमेय पाच वेळा वाचलं, शेवटच्या ओळीवर आले की पहिली गेलेली. बाकाखाली पाय सारखे हलतात. हृतिक नुसता हसला तरी राग येतो. असं होतं का — चांगलं माणूस एकदम मठ्ठ?

१८ जुलै

हे कुणाला सांगणार नाही, इथेच लिहिते. मी आवडीचा डबा खाल्ला.

पीटीचा तास, वर्ग रिकामा. दोन चपात्या, भेंडी. चावलं नाही, गिळलंच. डबा परत तिच्या दप्तरात. मधल्या सुट्टीत तिने उघडला, पाहिला, बंद केला. ओरडली असती तर बरं झालं असतं!

मला कुणीतरी पाहिलं होतं. बाईंनी बोलावलं. "सकाळी काय खाल्लंस?" "पोहे." "खरं सांग." मी किंचाळले, "तुम्हाला काय करायचंय!" — बाईंवर! मी!

१९ जुलै

आईला शाळेत बोलावलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "मामी पुढच्या रविवारी मुंबैला चाललीय. तिच्या शेठाणीला पोर सांभाळाया मुलगी हवीय. वीर ठेसनावरनं गाडीत बसायचं. नायतरी तुझं डोकं हल्ली चालत नाय गो. तिकडं पोटभर जेवशील तरी."

मी 'नाही जाणार' म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "भात असतो?"

आई तोंड फिरवून चूल फुंकत बसली. चुलीवर काहीच नव्हतं.

२२ जुलै

शाळा सुटल्यावर नूतनबाई घरी जायची महाडची एसटी सोडून आमच्या खोलीवर आल्या. मी भिंतीला चिकटून उभी.

"हिचं डोकं गेलेलं नाही," त्या आईला म्हणाल्या. "या वयात मेंदू वाढत असतो, त्याला खायला लागतं. नाही मिळालं की लक्ष लागत नाही, पाठ राहत नाही, राग आवरत नाही. मुलगी वाईट नाही हो, उपाशी आहे."

उपाशी! हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नाही. आई रडायला लागली. "चूक माझीच हाय बाई."

"तुमची कशी? हिला पाठवू नका. अंगठ्याचं काम करायला मी येते तुमच्याबरोबर."

मग दोघी बोलत बसल्या. मी बाहेर जाऊन रडले. मी मठ्ठ नाही!

२३ जुलै

खिचडी करणाऱ्या सगुणाबाईंनी लहान पोरांची पंगत उठल्यावर हाक मारली, "ये गो, टोपात उरलीय." मी नको म्हटलं. दारापर्यंत गेले. परत आले. तीनदा वाढून घेतलं.

२८ जुलै

मामी काल एकटीच गेली. आई आणि बाई शुक्रवारी महाडला जाऊन आल्या, अंगठ्याऐवजी डोळे स्कॅन करून काम होईल म्हणतात. रोज सगुणाबाईंकडे जाते. आज प्रमेयाची पहिली ओळ शेवटपर्यंत डोक्यात राहिली.

आवडीशी अजून बोलले नाही. काय बोलू? तिच्या डब्यात रोज चपाती असते, तिला एक दिवस काय फरक पडला — असं मनाला समजावते.

१ ऑगस्ट

बाईंनी वर्गात चिठ्ठ्या वाटल्या. नाव नको, काल शाळा सुटल्यापासून काय खाल्लं तेवढंच लिहा. गोळा मी केल्या. एकीवर आवडीचं अक्षर होतं — "काही नाही. आई कामाला जाते त्या घरून सकाळी डबा मिळतो. दिवसभरात तेवढंच."

तो मी खाल्ला होता.