केरमानची कोयरी

अण्णा, आज तुम्ही हवे होतात. मागावरून हाताला धरून उठवलं असतं आणि थेट इथं, सातासमुद्रापार शुगर लँडमधल्या एका गालिच्यांच्या दुकानात आणून उभं केलं असतं.

मी गेलो होतो एसी दुरुस्त करायला. आता हाताखाली माणसं आहेत, पण कंप्रेसरचा आवाज ऐकून रोग सांगणारा अजून मीच. मशीन बंद केलं, दुकान गप्प झालं, आणि मागच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू आलं. भाषा कळत नव्हती, पण ती मोजणी होती. पैठणीचा पदर विणताना तुमच्या ओठांवर चालायची तशीच, थांबत, परत उचलत. हातात पाना घेऊन तसाच आत गेलो. एक म्हातारी इराणी बाई कसर लागलेल्या गालिच्याचा कोपरा गाठीगाठीनं भरत होती, आणि तिच्या बोटांखाली कोयरी उगवत होती. आपली कोयरी, अण्णा! मी ओरडलोच, "खानम, हा तर आमचा आंबा!" इथल्या इराणी गिऱ्हाइकांकडून बाईमाणसाला खानम आणि बाप्याला आगा म्हणायला शिकलोय. ती खो खो हसली. "इराणात आंबा कुठला, आगा? हे सरूचं सडपातळ झाड. वाऱ्यानं शेंडा वाकवलाय." सुट्टी म्हणून मुलगी बरोबर होती, तिनं कानातून आयपॉडची वायर काढून निकाल दिला, "बाबा, इट्स जस्ट पेझली. माझ्या स्कार्फवर आहे."

मला मात्र ते पुण्याचं शिकलेलं गिऱ्हाईक आठवलं. येवल्यात आपल्या ओट्यावर बसून तो सांगतोय, "कोयरी मूळची इराणची. तुम्ही लोकांनी नुसती नक्कल केलीत." तुम्ही त्याला चहा देता. दुसऱ्या दिवसापासून पदरावर फक्त मोर. आई विचारते, "अहो, आणि कोयरी?" तुम्ही म्हणता, "दुसऱ्याची वस्तू कशाला?" शेवटपर्यंत मोरच विणलेत.

म्हणून विचारलं, "खानम, ही मूळची तुमचीच ना?" तिनं मानही वर केली नाही. "माझी आजी केरमानची. शाली विणायची. ती म्हणायची, ही हिंदुस्थानातून शालींवर बसून आली. पोट बघा हिचं! आमचा सरू इतका खाऊनपिऊन सुखी कुठला?"

ऐकलंत, अण्णा? तो शहाणा म्हणत होता त्यांची, आणि त्यांची आजी म्हणते आपली! दोन्हीकडं माहेर असलेली पोर ही, आणि तुम्ही तिला परकी म्हणून दाराबाहेर काढलंत. मला तिथल्या तिथं नाचावंसं वाटलं. तो गालिचा मी तिनं सांगितल्या भावातच घेतला. मी, अण्णा, मी! म्हातारी नाराजच झाली. "आगा, थोडं तरी भांडा की!"

आता तो दिवाणखान्यात आहे. हे पत्र त्याच्या त्या कोपऱ्याखाली सरकवून ठेवतोय. येणाऱ्याजाणाऱ्याला बजावतो, महागाची वस्तू आहे, कडेकडेनं चाला. सगळे म्हणतात, काका चिक्कू झाले. म्हणू देत. त्या कोयरीवर माझाच पाय पडत नाही, हे त्यांना कशाला सांगू?