कडेचे पक्षी

१८ नोव्हेंबर १९९६

बर्फाची लेव्हल! हा व्हिडिओ गेम ज्याने बनवला त्याला साबणाच्या फरशीवर उभं करून पळायला लावायला हवं. बटण सोडलं तरी तो लाल चड्डीवाला घसरतच जातो — थेट खड्ड्यात. तीन लाइफ, तीन मिनिटांत खलास.

आमची लेक रसिका दिवाळीची सुट्टी संपवून होस्टेलला गेली आणि हे खोकं मागे ठेवून गेली. पंचेचाळिसाव्या वर्षी मी खेळतेय, तेही सासऱ्यांचं मन रमावं म्हणून. गेल्या आठवड्यात स्टेशन रोडवर एक रिक्षा बाबांना घासून गेली. उत्तमने लगेच ठरवलं — बाबांनी आता एकट्याने मोरव्याच्या मिठागरावर जायचं नाही. वर नवऱ्याच्या थाटात मला, "तू घरीच असतेस, लक्ष ठेव." म्हणजे मी लिहिते ते काहीच नाही!

बाबा रोज संध्याकाळी मिठागराच्या बांधावर जाऊन बसायचे. सगळं आयुष्य तिथे गेलं त्यांचं. आता गॅलरीत आमच्याकडे पाठ करून बसतात.

२० नोव्हेंबर

चिखलाची लेव्हल. पाय उचलायच्या आत माणूस गळ्यापर्यंत आत! मी रिमोट आपटला. मागून बाबा खो-खो हसले. "ज्यान हा केलाय तो चिखलान कधी उतरला न्हाय. पाय असा सरल कारतान का, सूनबाय?"

"मग तुम्हीच दाखवा."

बसले की मांडी घालून!

२१ नोव्हेंबर

चहाचा कप पुन्हा कोपराने पाडला. या आठवड्यातला दुसरा. "बाबा, बघत जा ना जरा!"

२३ नोव्हेंबर

आजची लेव्हल सगळ्यांत दुष्ट. पडदा आपोआप सरकतो, मागे राहिलात की मेलात. आणि कडेने पक्षी येतात. मला जमतंय थोडंफार. बाबांना मात्र प्रत्येक वेळी तोच पक्षी मारतो. "डावीकडे, बाबा! डावीकडे!" "कुठं हाय?" म्हणेपर्यंत मेलेले. लक्षच नसतं त्यांचं. शेवटी तेवढी लेव्हल मीच पार करून दिली. घसा बसला माझा. लेख तसाच पडलाय — दोन ओळी, त्याही खोडलेल्या.

२६ नोव्हेंबर

गुहा. सगळा पडदा काळा. लाल चड्डीवाल्याभोवती ताटलीएवढा उजेड, बस्स. पुढे भिंत आहे की खड्डा — आपटल्यावरच कळतं. दोन तास घालवले. उत्तम ऑफिसातून आला, त्यानेही टाय न काढता खेळून बघितलं. "फालतू गेम आहे."

बाबा म्हणाले, "ही मी पार केली त मना एकल्याला बांधावर जाऊ द्याचा."

"जा खुशाल!" उत्तम हसला. मीही हो म्हटलं. रसिकाच्या अख्ख्या वर्गात ही कुणाला जमलेली नाही, हे माहीत असून.

२८ नोव्हेंबर

पार केली!! एकही लाइफ न घालवता. घाई नाही की काही नाही. दोन पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा दोन पावलं. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी रिमोट खाली ठेवला आणि सरळ चपला घालायला गेले.

उत्तम म्हणतो, "अहो बाबा, गंमत केली होती."

बाबा दारातून मागे फिरले. चपला काढून ठेवल्या. नीट, जोडीने.

मग मात्र मी उत्तमला सोडलं नाही. शब्द दोघांनी दिला होता, दोघांनी पाळायचा. तो धुसफुसला, पण तयार झाला. बाबांना सांगितलं — उद्या पाच वाजता निघा.

२९ नोव्हेंबर

दुपारी शेंगा सोलता सोलता विचारलं, "बाबा, त्या अंधारात तुम्हाला जमलं कसं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "अंधार कुठचा? मना त सगला असाच दिसतं. मधी एवरासा उजेड, कडेला काय न्हाय. वय झाला का सगल्यांचा असाच व्हतं ना?"

मी त्यांच्या डाव्या हाताला बसले होते. हात उचलला, त्यांच्या कानाच्या रेषेत धरून हलवला. त्यांनी मान वळवली नाही. शेंगा सोलत राहिले.

पाच वाजता त्यांनी चपला घातल्या. मी माझ्या शोधायला लागले.