दुसरं टोपण

सोमवार, ११ मार्च

प्रिय ठके,

आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. सगळे आहेत तिथे आणि आहेत तसेच आहेत. मीही बरी आहे. हे वाक्य इतकी वर्षं सवयीने लिहीत आले, आज तपासून लिहिते आहे.

समोरच्या इमारतीला रंग देणं चालू आहे, त्यामुळे महिनाभर खिडक्या बंद. पुस्तकांचं कपाट आवरलं. वहिनीचा फोन आला होता. तुझ्या डॉक्टरांनी गोळ्या पुरत नाहीत, आता इन्सुलिन घ्या म्हणून सांगितलं आणि तू "सुई लागली की डोळे जातात, आमच्या आईचे गेले" असं म्हणून उठून आलीस, एवढं तिच्याकडून कळलं. ओरडायला लिहीत नाही. माझा ओरडण्याचा परवाना गेल्या महिन्यात रद्द झाला. कसा, ते सांगते.

आमच्या भागातल्या दवाखान्यात दर सोमवारी साखरवाल्यांचा वर्ग भरतो. चार भाषांची माणसं, दोन बाकडी आणि एक सिस्टर. एक ट्रकचालक आहे, एक बेकरीत भट्टीवर काम करणारा आहे आणि एक शिवणकाम करणारी बाई आहे. तिला अक्षरओळख नाही. आपली भाषा ती बाजारात शिकली, त्यामुळे डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करते. तरी सगळे तिला मास्तरीण म्हणतात. मी तीस वर्षं प्रयोगशाळेत शहराचं पाणी तपासलं, मला कोणी काही म्हणत नाही. झोंबायचं मला ते. मी तिथे जाते ती पत्रकाच्या कामासाठी. इन्सुलिनचं पेन कसं वापरावं याचं दवाखान्याने पत्रक छापलं आहे, त्यात मी लाल शाईने अकरा चुका काढून दिल्या.

पत्रकाचं वाक्य खोडणार होते, पण राहू दे. मी किती सफाईने खोटं बोलते ते तुला दिसू दे. मी पत्रकासाठी जात नाही. मला मधुमेह आहे. सहा वर्षं झाली.

म्हणजे कधीपासून, ते तू लगेच मोजशील. दीड वर्षापूर्वी भाऊच्या घरी सगळ्यांच्या देखत मी तुझ्या हातातली गोडाची बशी काढून घेतली आणि म्हणाले, "वाचता येतं तुला, तरी अडाण्यासारखी वागतेस." तू म्हणालीस, "ताई, तुला झालं असतं म्हणजे कळलं असतं." मी गप्प बसले. वहिनीला वाटलं, मी मोठेपणा दाखवला. तेव्हा माझ्या पर्समध्ये, कॅल्शियमची चिठ्ठी लावलेल्या डबीत, माझ्या साखरेच्या गोळ्या होत्या.

का लपवलं? नीट वागलं की काही होत नाही, असं मी जन्मभर लोकांना सांगत आले. मला झालं म्हणजे मी नीट वागले नाही, असाच अर्थ निघाला असता. आपल्या घरात या आजाराला आजार म्हणतच नाहीत, गुन्हा म्हणतात. आणि फिर्यादी कायम मीच.

जानेवारीत माझ्याही गोळ्या पुरेनाशा झाल्या. सिस्टर पेन पुढे करून म्हणाली, बसा, करून दाखवते. मी म्हटलं, मला वाचता येतं. पेन आणि पत्रक घेऊन घरी आले. पत्रकात डावीकडे चित्रं, उजवीकडे मजकूर. मी उजवीकडचं वाचलं. चित्रं ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी, असं माझं मत होतं. सुई बसवा, टोपण काढा, पोटाला लावून बटण दाबा, दहा आकडे मोजा. सगळं बरहुकूम केलं. काडीचंही दुखलं नाही. माझ्या धीटपणाचं मलाच कौतुक वाटलं आणि ते मी वर्गातही बोलून दाखवलं. पोटावरचा कपडा रोज जरासा ओला व्हायचा. वाटलं, स्पिरिट असेल.

साखर मात्र हटेना. दहा युनिटची सोळा झाली, सोळाची चोवीस. तिसऱ्या आठवड्यात समोरच्या रंगाऱ्याच्या पाटीवरचं नाव पुसट झालं. मग वर्तमानपत्र. आणि ठके, मी, विज्ञानाची पदवीधर, अगदी तुझ्यासारखाच विचार केला. सुई लागली, डोळे चालले. आई शेवटी कपाच्या आत बोट धरून चहा ओतायची, आठवतं? चहा बोटाला लागला की थांबायची. मी तसं करून पाहायला लागले. आत्तापासून सवय असलेली बरी म्हणून. कोणालाही सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात एका सोमवारी बेकरीवाल्याला इन्सुलिन सुरू करायचं ठरलं. एवढा धिप्पाड माणूस, सुईच्या नावाने पांढरा पडला होता. मी त्याला म्हटलं, उगाच घाबरता, काही कळतसुद्धा नाही. शिवणवाल्या बाईने माझ्याकडे मान वळवली.

"तुला काहीच लागत नाही?"

"नाही."

"मुंगीएवढं पण नाही?"

"नाही म्हटलं ना."

"मग सुई आत जातच नाही. चाळीस वर्षं माझ्या हातात सुई आहे. जी लागत नाही, ती शिवत पण नाही. काढ तुझं पेन."

मी तिला सांगितलं की मी विज्ञान शिकलेली आहे. ती म्हणाली, "असू दे. पेन काढ."

तिने पेनाला नवी सुई बसवली, वरचं मोठं टोपण काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, हीच की सुई. तिने खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि बाकड्याच्या पाठीवर दोन टोपणं काढली, एक मोठं, त्याच्या पोटात एक लहान. मग ज्याला मी सुई समजत होते ते नखाने उपसून काढलं. आत केसाएवढी सुई चमकत होती.

"ही सुई. तुझी आणि हिची अजून ओळखच नाही."

तीन आठवडे मी पोटाला प्लास्टिक दाबत होते आणि औषध कपड्याला पाजत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. इथे पाषाण कोरडा आणि कपडा ओला. आख्खं बाकडं हसलं. ट्रकचालकाला तर ठसका लागला. एवढ्यात सिस्टर आली आणि तिने विचारलं, सध्या किती युनिट घेता? मी चोवीस म्हणताच तिचा चेहरा बदलला, तिने पेन माझ्या हातातून काढून घेतलं. त्या दिवशी घरी जाऊन मी ती चोवीस युनिटं नीट घेतली असती, तर साखर इतकी खाली गेली असती की मी बेशुद्ध पडले असते, आणि माझ्या रिकाम्या घरात मला उठवायलाही कोणी नव्हतं. हसणं तिथेच थांबलं. डॉक्टरांनी पुन्हा दहावर आणलं.

घरी येऊन पत्रक काढलं. मजकुरात नुसतं "टोपण काढा" होतं. डावीकडे, तिसऱ्या चित्रात, लहान टोपण स्वच्छ दिसत होतं. अकरा चुका मी काढल्या, बारावी मीच होते.

पुढच्या वेळी डॉक्टरांना आईबद्दल विचारलं. त्यांनीच उलट विचारलं, सुई कधी लागली? शेवटच्या वर्षी. साखर कधीपासून होती? कोणी मोजलीच नाही. पंधरा वर्षं असेल, वीस असेल. त्या म्हणाल्या, "डोळे त्या वर्षांनी नेले. सुई उशिरा आली आणि आळ तिच्यावर गेला."

आता उपाशीपोटीची साखर तीनशेदहावरून एकशेतीसवर आहे. परवा डोळ्यांची तपासणी आहे, ती झाल्याशिवाय हे पत्र टाकणार नाही. अर्धवट निकाल पाठवायची मला सवय नाही.

गुरुवार, १४ मार्च

अक्षर मोठं आलं आहे ते काल डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे नाही. त्यांचा अंमल कालच उतरला. हात जरा मोकळा सुटला आहे, इतकंच.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी अर्धा तास आत पाहिलं. मागचा पडदा चांगला आहे. दोन बारीक ठिपके आहेत, त्यांसाठी सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. पुसट दिसत होतं ते साखर चढल्यामुळे, आणि ते जातं आहे. बाहेर येऊन पायरीवर बसले. रडले नाही, नाक वाहत होतं. आज सकाळी खिडकीच्या काचेतून रंगाऱ्याचं नाव वाचलं, खालचा फोन नंबरही वाचला. दोनदा. मग कपात बोट न घालता चहा ओतला.

वर्गात आता सिस्टर "समजलं का?" विचारत नाही. त्यावर सगळेच मान डोलावतात, मी तर सगळ्यात जोरात डोलावायचे. ती म्हणते, करून दाखवा. मास्तरीण खडूने चित्र काढते आणि खाली मी एक वाक्य लिहिते. तिला ते वाचून दाखवावं लागतं. "लांब आहे" म्हणाली की मी मुकाट्याने कापते. हो, मीही तिला मास्तरीण म्हणते.

सुई घे, असं मी तुला सांगत नाही. ते तू आणि तुझे डॉक्टर ठरवा. पण न घेण्याचं कारण आई असेल, तर ते कारण खोटं आहे, आणि माझ्याही मनात ते इतकी वर्षं होतं. तू ये. आठ दिवस राहा. सकाळी मी टोचून घेताना शेजारी बस. वाटलं तर मग तू मला करून दाखव. मी मध्ये बोलणार नाही. अवघड जाईल, पण सराव चालू आहे.

त्या बशीचं माझं चुकलं. हे मी भाऊच्या घरी, त्याच माणसांसमोर पुन्हा म्हणेन.

डबीवरची कॅल्शियमची चिठ्ठी काढून टाकली. डिंक तेवढा निघत नाहीये, नखाने खरवडते आहे.

उत्तर पाठव. शिव्या घालायच्या असतील तर बारीक अक्षरात घाल, आता वाचता येतात.

तुझी, आणि तुझ्यासारखीच,
ताई