समोरच्या धक्क्यावरून

९ डिसेंबर, संध्याकाळ. बोटीवर.

उद्या सकाळी बोट बंदराला लागणार. बऱ्याच दिवसांनी पायाखाली जमीन. माझी प्रकृती ठणठणीत. सौ.ची मात्र बिघडलेली दिसते.

चहाच्या वेळी तिने शांतपणे सांगितलं की सहल संपली की ती घरी येणार नाही, परस्पर लेकीकडे जाणार. कायमची. लेकीने खोली रिकामी करून ठेवली आहे, भिंतींना रंगसुद्धा दिलाय. हे ती आधीही बोलली होती. समुद्र लागला की माणूस असं काहीबाही बरळतो. तिला लिंबू चोखायला दिलं. तिने ते बशीत ठेवलं.

मग म्हणाली, अहो, एक शेवटचं मागते. उद्या माझ्याबरोबर वाळूत बसा, पाण्यात पाय सोडून. आणि दिवसभर कोणाला काही शिकवू नका. एवढं जमलं तर मी पुन्हा विचार करीन.

एवढंच? मला वाटलं आता बांगड्या मागते की काय.

संकल्प : उद्या कोणालाही काहीही शिकवायचं नाही. खाली रेघ ओढली. दोनदा.

तशी मला शिकवायची हौस नाहीच. एकही डिग्री नसताना कारखान्यात फोरमन झालो, सगळं आपलं आपण शिकलो. त्यामुळे लोकांचं अडलं की ते माझ्या तोंडाकडे बघतात. जेवणाच्या टेबलावरची मंडळी मला आदराने ‘कॅप्टन’ म्हणतात. एवढी मोठी बोट कशी वळवावी हे मी सूपच्या वाटीत चमचा फिरवून दाखवलं, तेव्हापासून. वेटर आता आमच्या टेबलाला लांबून वळसा घालतो. त्यालाही वळण्याचं तंत्र समजलं असावं.

१० डिसेंबर, सकाळ.

उतरण्याच्या जिन्यापाशी एक खलाशी दोर बांधत होता. गाठ चुकीची. मी चकार शब्द बोललो नाही. फक्त त्याच्या हातातून दोर घेतला. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. तिला समजावलं की करून दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे. शिवाय माझा एक पाय अजून जिन्यावरच होता, म्हणजे दिवस सुरू व्हायचाच होता. ती बरं म्हणाली. मोठ्या मनाची आहे.

(खलाशाने माझी गाठ सोडून पुन्हा आपली बांधली. लोकांना सुधारणा पचत नाही.)

१० डिसेंबर, जरा वेळाने. बसमध्ये.

बोटीवाल्यांनी किनाऱ्यावर जायला-यायला बस दिली आहे, दिवसभर फेऱ्या मारते. ड्रायव्हर क्लच अर्धवट दाबतो. कानाला यातना. तरी निग्रहाने खिडकीबाहेर पाहत राहिलो. पत्र्याची रंगीत दुकानं, माडाच्या सावलीत शिंप्याचं मशीन, त्याच सावलीत जीभ काढून पडलेला कुत्रा. निग्रह चांगला टिकला. चढावर मात्र गाडी रडायला लागली, तेव्हा बोललो. तिच्या भल्यासाठी. क्लच-प्लेट, गिअर, सगळं थोडक्यात. किनारा येईपर्यंत.

उतरताना ड्रायव्हरने आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. म्हणाला, काका, जाताना तुम्हीच चालवा, मी मागे बसून शिकतो. अख्खी बस हसून लोळली. टेबलावरच्या मंडळींनी ‘कॅप्टन, कॅप्टन’ करून टाळ्या वाजवल्या. सौ. तेवढी हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतो.

१० डिसेंबर, दुपार. वाळूत.

बसलो आहोत. पाय पाण्यात. पाणी कोमट. सौ.ने साडी पोटरीपर्यंत घेतली आहे. मी शिकवत नाही हे तिने पाहिलं असेलच.

मघाशी तिने माझा हात हातात घेतला. लेक लहान असताना एकदा तापाने फणफणली होती, ती आठवण काढली. म्हणाली, त्या दिवशी तुम्ही तिच्या उशाशी नुसते बसून होतात, काही न बोलता. मला अजून तेच आठवत राहतं.

मला आठवत नाही. ऐकत मात्र होतो. पण शेजारी एक छत्रीवाला भाड्याच्या मोठ्या छत्र्या वाळूत रोवतो आहे. सगळ्या वाऱ्याकडे झुकवून! हे बघवत नाही. वाऱ्याला पाठ द्यायला हवी. साधी गोष्ट. दोन मिनिटांत येतो म्हणून सौ.ला सांगितलं आहे. हे शिकवणं नव्हे, अपघात टाळणं आहे.

१० डिसेंबर, नंतर.

छत्रीवाला हुज्जत घालत होता. वीस वर्षं छत्र्या लावतोय म्हणाला. मी म्हटलं, वीस वर्षं चुकतोयस. शेवटी तो हात जोडून बाजूला झाला, म्हणजे पटलं. एकेक छत्री उपटून मी माझ्या पद्धतीने लावली. घाम निथळला. ओळ अशी सुरेख दिसत होती की फोटो काढावा.

मग अवेळी वारा आला. माझा त्यात दोष नाही.

निम्म्या छत्र्या उडाल्या. बाकीच्यांना काही नाही झालं, एक तेवढी सौ.च्या अंगावर. ती डोळे मिटून बसली होती, दांडा खांद्याला लागला. टेबलावरची मंडळी धावली, बर्फ आणला. लागलं का, असं मी लांबूनच ओरडून विचारलं, कारण हातात छत्री होती. ती तिथूनच म्हणाली, तुमचं संपलं का? मी म्हटलं, अजून चार राहिल्यात.

तिने चपला हातात घेतल्या आणि बसकडे निघाली. आपण होऊन विश्रांतीला गेली हे बरं झालं. खांदा दुखत असेल.

बाकी संकल्प बऱ्यापैकी पाळला. संध्याकाळी जेवताना तिला विचारीन, पुन्हा विचार केलास का म्हणून. करीलच.

१० डिसेंबर, उन्हं उतरताना.

मी चालत परतायचं ठरवलं. ड्रायव्हर म्हणत होता की बसमध्ये एकतर तो राहील नाहीतर मी. पण मला व्यायाम हवाच होता. त्याने रस्ता सांगायला तोंड उघडलं, त्याला गप्प केलं. बोट सात मजली इमारतीएवढी. कुठूनही दिसते. जे डोळ्यांना दिसतं त्याला रस्ता काय विचारायचा? नाकासमोर चालायचं.

नाकासमोर चाललो. कोळशाचं गोदाम, जाळी विणणाऱ्या बायका, कंटेनरच्या रांगा. एक बाई म्हणाली, बाबा, उलटं फिरा, इकडून नाही जाता येत. तिला बोट दाखवली. समोर दिसतेय की. ती दुसरीला काहीतरी म्हणाली आणि दोघी खो खो हसल्या. गरीब पण आनंदी माणसं.

आता धक्क्यावर आहे. बोट हाकेच्या अंतरावर, खिडक्यांचे पडदेसुद्धा दिसतात. फक्त मध्ये पाणी आहे. धक्के दोन आहेत, आणि बोट दुसऱ्याला लागलेली आहे. बंदराची आखणी करणाऱ्याला अक्कल नव्हती. वळसा घालायचा तर पुन्हा सगळा गाव.

भोंगा झाला. मला बोलावताहेत. हात केला.

थोड्या वेळाने.

माझी गाठ सोडली त्याच खलाशाने दोर सोडले. मी ओरडून सूचना दिल्या, थांबा, एक होडी खाली सोडा, साखळी अशी धरा. डेकच्या कठड्याला ही गर्दी लोटली! टेबलावरची मंडळी सगळी पुढे. ‘कॅप्टन! कॅप्टन! पोहा!’ असा गजर. टाळ्या, शिट्ट्या. कोणीतरी टॉवेल फिरवत होतं. इतकी लोकप्रियता मला माहीत नव्हती. डोळे भरून आले.

सौ. त्यांच्या मधोमध होती. दोन्ही हात वर करून हलवत होती. खांदा बरा झालेला दिसला. आणि हसत होती, तोंड उघडून. विनोद उशिरा कळतो म्हणतो ते हेच.

बोट मात्र सुंदर वळली. अगदी मी सांगितलं होतं तशी.

११ डिसेंबर, सकाळ. बोट-कंपनीच्या एजंटबाईच्या ऑफिसात.

बाई कर्तव्यदक्ष. तिच्याकडून कळलं की कोणी मागे राहिलं तर बोटीवरचे लोक केबिन उघडून त्याचा पासपोर्ट आणि एक पिशवी एजंटकडे उतरवतात. घरच्या माणसाला विचारतात, तुम्हीही उतरता का? बहुतेक जण उतरतात म्हणे. सौ.लाही विचारलं. तिने उलट विचारलं की ह्यांना पुढच्या बंदरात बोट पकडता येते का. येते, विमानाने. यावर सौ. म्हणाली, हे त्यांना सांगायलाच हवं का?

माझी दगदग होऊ नये म्हणून. काळजीवाहू स्वभाव.

पिशवी नव्हे, मोठी सुटकेस आली आहे. माझे सगळे कपडे घड्या घालून, गोळ्या, चष्मा, दाढीचं सामान, अगदी हिवाळी टोपीसुद्धा. बाई म्हणाली, अशा बॅगा नेहमी शेवटच्या क्षणी धावतपळत येतात, ही पहिलीच जी दुपारीच खाली आली. तेव्हा मी वाळूतून निघालोही नव्हतो. हा वक्तशीरपणा तिला कोणी लावला? असो. स्वतःच्या तोंडाने सांगू नये.

लेकीला फोन केला. म्हणाली, बाबा, आईचा रात्रीच फोन आला होता, छान जेवलीय, तुम्ही आता सरळ घरी जा. मी म्हटलं, आईने पुन्हा विचार केला का? ती म्हणाली, केला.

केला! म्हणजे काम झालं.

बाईला तिच्या फायली कशा लावाव्यात ते दाखवलं. ती आता बाहेर व्हरांड्यात बसून काम करते आहे. ऊन खायला.

सुटकेस पुन्हा नीट लावताना तळाशी रुमालात बांधलेल्या घराच्या किल्ल्या सापडल्या. माझी, आणि सौ.चीही. वेंधळी ती वेंधळीच. आता ही घरात शिरणार कशी?

काही हरकत नाही. बेल वाजवील. मी घरीच असेन.