संदर्भ आढळत नाहीत

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण ऑनलाइन ज्ञानकोशाचा प्रशासक झाल्यावर माणसाकडे स्वतःची कागदपत्रं असावीत. निवडणुकीचं मतदान आठवडाभर उघडं, निकाल पुढच्या सोमवारी. उमेदवार मी एकटाच, त्यामुळे पडण्याचा प्रश्न येत नाही.

संकल्प : रोज एक तरी फालतू नोंद वगळायला लावायची. कोणाशी हुज्जत घालायची नाही. चहा दोनच कप.

११.४०

सावज सापडलं. ‘मांडणी’ नावाचं सॉफ्टवेअर. छोट्या धंदेवाल्यांसाठी. माल किती उरला, ऑर्डर कोणाची, द्यायची कधी, हे सांगतं म्हणे. आणि फुकट! फुकट ते पौष्टिक म्हणून लोक वापरतात ते वापरोत, पण ज्ञानकोशात नोंद? उद्या दुकानदार फुकट वाटतात त्या कॅलेंडरची करा. मी ऑफिसात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. दोन रजिस्टरं आणि एक लाल पेन. कधी काही अडलं नाही. पत्रांचं एक पोतं हरवलं होतं, पण त्या आठवड्यात मी रजेवर होतो.

नोंद चर्चेला टाकली. ‘वगळावी. स्वतंत्र आणि सविस्तर संदर्भ आढळत नाहीत.’ खाली सही : निकषरक्षक. हे माझं तिथलं नाव. सात दिवसांची मुदत.

चहा : चार कप.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी १०

‘टाचणी’ नावाच्या कोणा सदस्यानं खाली ‘ठेवावी’ असं लिहिलंय. वर मला विचारतो, आधी नीट शोधलंत का? मला! दोनदा शोधलं. दुसऱ्यांदा तर निकालांच्या दुसऱ्या पानापर्यंत गेलो. आजकाल उचलली जीभ लावली टाळ्याला. लोकांना काखेतला कळसा दिसत नाही आणि शोध कसा घ्यायचा हे मला शिकवतात.

टाचणीला सविस्तर उत्तर दिलं. अकरा परिच्छेद. ही हुज्जत नव्हे, मार्गदर्शन आहे.

टेबलाच्या काचेवर माउस नीट चालत नाही, म्हणून हिच्या कपाटातलं एक गुळगुळीत मासिक खाली घेतलंय. तीन-चार महिने झाले, उत्तम चाललंय. रद्दीचा असा उपयोग करायला डोकं लागतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी. दुपारी १२.३०

प्रशासकानं जमिनीवर उतरून पाहावं. म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो. कडी घ्यायची होतीच. त्याच्या कॉम्प्युटरवर ‘मांडणी’ उघडीच. विचारलं, हे कशाला लागतं? तर तो सुरूच झाला. म्हणाला, भाऊ, दुकानात चार हजार प्रकारचे स्क्रू आणि नट. कुठला कुठे आहे हे फक्त वडिलांना ठाऊक. वडील गेले आणि अकरा दिवस दुकान बंद ठेवावं लागलं, कारण गिऱ्हाइकानं मागितलेलं काही सापडेचना. मग एकेक डबा उघडून सगळं यात भरलं. त्याचे डोळे भरून आले. मी म्हटलं, वाईट झालं, पण याला संदर्भ म्हणता येणार नाही. ही तुमची वैयक्तिक माहिती झाली.

तो म्हणाला, मला हे सगळं वहिनींनी शिकवलं, समोर बसून, आठ दिवस. असेल याची कोणी वहिनी. लोकांच्या घरच्या गोष्टींत मला रस नसतो.

कडी घरी आणली. मापात नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. दुपारी ३

जेवण आजही गार. ही सकाळी आठलाच गेली. कुठल्याशा हॉटेलचे एकशे वीस पडदे द्यायचेत म्हणे. हिचा हा शिवणाचा छंद हल्ली फार वाढलाय. दोन गल्ल्या सोडून एक जागा भाड्यानं घेतलीय, तिथे सात-आठ बायका आणि मशिनांचा खडखडाट. मी अजून गेलेलो नाही. मला आवाज सहन होत नाही.

काल तिला उमेदवारीबद्दल सांगितलं. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. हं म्हणाली. आनंद झाला असावा.

आज एक मोठं काम केलं. ज्ञानकोशात नवा नियम मंजूर करून घेतला : ज्याच्या घरातल्या माणसाचा एखाद्या विषयाशी संबंध असेल, त्यानं त्या नोंदीपासून लांब राहावं आणि संबंध लपवल्यास त्याला कुठलंही पद मिळू नये. बारा विरुद्ध शून्य. टाचणीनंसुद्धा पाठिंबा दिला. ‘मांडणी’वाल्यांचा हा मेहुणा किंवा साडू असणार याची मला खात्री आहे. बावळटानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

शनिवार, ८ फेब्रुवारी. सकाळी ११.२०

टाचणी बाई आहे. वाचनालयात ग्रंथपाल होती. तरी साडू नाही हे सिद्ध होत नाही.

तिनं संदर्भ दिलाय. शिवणव्यवसायाचं एक मासिक, ऑक्टोबरचा अंक, पान चौदा ते सतरा. एका बाईनं ‘मांडणी’च्या आधारावर पडद्यांचा कारखाना कसा उभा केला, यावर चार पानांचा लेख. चार पानं! पडद्यांवर! मी जाड अक्षरांत लिहिलं : ‘असा अंक निघालेलाच नाही. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहीपर्यंत मी मानणार नाही. अंक दाखवा, नाहीतर माफी मागा.’ अशा लोकांना असंच सरळ करावं लागतं. उद्या वाचनालयातून पानांचे फोटो आणते म्हणाली. बघू.

निवडणुकीत बाजूनं नऊ मतं, विरोधात एकही नाही. चहा मोजणं सोडलंय.

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ९.४५

टाचणीला आधीच गाठावं म्हणून हिला विचारलं. शिवणाचं म्हणजे हिच्याच लाइनीतलं. म्हटलं, अमुक नावाचं मासिक खरंच निघतं का गं? ही भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, अहो, माउस उचला.

उचलला.

१०.३०

ऑक्टोबरचाच अंक. मुखपृष्ठावर ही. डोक्याच्या जागी माउसनं घासून पांढरा गोल झालाय, पण साडी ओळखू आली. त्या निळ्या साडीवर मी चार महिने माउस फिरवत होतो.

लेख वाचला. दोनदा. सुरुवात एका जुन्या मशिनवर. पहिल्या वर्षी दोन ऑर्डरी अदलाबदल होऊन एका दवाखान्यात फुलाफुलांचे पडदे गेले आणि एका लग्नघरी पांढरे. ही तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. तिला काम बंद करायचं होतं. मग ‘मांडणी’ सापडलं, स्वतः शिकली, नऊ बायकांना शिकवलं, गल्लीतल्या दुकानदारांना शिकवलं. आता अकरा हॉटेलं आणि तीन दवाखाने.

दोन दिवस जेवली नव्हती. त्या दोन्ही दिवशी मी समोर बसून जेवलो असणार. मला काही आठवत नाही. वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं.

पान पंधरावर हिचा फोटो. मागच्या दारातून कॉम्प्युटरपुढे बसलेल्या कोणाची तरी पाठ दिसते. खाली लिहिलंय, ‘मागे पती.’ फोटोग्राफर आला होता हे आठवतं. मी त्याला बजावलं होतं की मला प्रसिद्धी आवडत नाही.

शेवटी पान सतरा : ‘पती निवृत्त आहेत. ते ऑनलाइन ज्ञानकोशावर निकषरक्षक या नावानं फार मोठं काम करतात, असं त्या कौतुकानं सांगतात.’

कौतुकानं.

१२.१५

टाचणीनं पानं चढवली. चारही. पान सतरा चांगलंच स्पष्ट आलंय.

मी खुलासा टाकला की मासिक माउसखाली असल्यामुळे संबंध माझ्या नजरेस आला नाही. यावर कोणी हसण्याची चिन्हं टाकली आहेत. मोजली, एकेचाळीस.

सोमवार, १० फेब्रुवारी. संध्याकाळी ६

‘मांडणी’ : नोंद ठेवली. संदर्भ क्रमांक एक, हिच्यावरचा लेख.

निवडणूक : बाजूनं दोन, विरोधात तेवीस. नऊपैकी आठ जणांनी मत फिरवलं. कारण म्हणून सगळ्यांनी गुरुवारचा नियम दिलाय, माझाच, शब्दन् शब्द. एकट्यानं उभं राहून पडलो. टाचणीनं मात्र माझ्या बाजूनं मत दिलं. लिहिलंय, ‘नियम चांगला केला होता.’ दया नको होती मला.

हिला सांगितलं, पडलो. तिनं चहा केला. म्हणाली, माझ्याकडे आवक-जावक बघायला माणूस नाहीये, येता का?

मी म्हटलं, विचार करून सांगतो. मी काही रिकामा नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी १०.०५

आलोय. खडखडाट आहे, पण चालेल. दोन रजिस्टरं आणि लाल पेन घेऊन आलो होतो. एका बाईनं ती अदबीनं उचलली आणि मशिनच्या डुगडुगत्या पायाखाली ठेवली. छान बसली.

हिनं ‘मांडणी’ उघडून कामगारांच्या यादीत माझी नोंद केली. शेवटी कुठेतरी झाली. नावापुढे लिहिलं, ‘मदतनीस, तात्पुरता’.

मी म्हटलं, एकतीस वर्षांचा अनुभव आहे, तो ‘तात्पुरता’ काढून टाक.

ती म्हणाली, अहो, त्याला संदर्भ लागतो.