जळगावचे धुळ्याला, धुळ्याचे जळगावला

धुळे,
श्रावणातला पहिला शनिवार

प्रिय विधी,

बाळाचे फोटो मिळाले. कान थेट पारसदादासारखे आहेत, हे तुला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगतो. फोनवर तू बोलतेस तेव्हा शेजारी सासूबाई असतात, बाळ रडत असतं, आणि मला जे सांगायचं असतं ते सोडून मी चोपड्यात पाऊस किती झाला तेच विचारत बसतो. म्हणून लिहितो आहे. घरी आपण मारवाडी बोललो तरी शाळा मराठी, त्यामुळे लिहायला बसलं की मराठीच येतं.

मला भीती वाटते आहे. ते आधी सांगून टाकतो. मम्मीचा फोन आला होता. पर्युषण जवळ आलं, दादाची आठ उपासांची अठ्ठाई अर्धी राहिली, ती या वर्षी तू पुरी कर, असं म्हणाली. रडली वगैरे नाही, किराणा सांगावा तसं सांगितलं. "तेरी तब्येत तो अब चांगली आहे ना," असं तिचं नेहमीचं अर्धं हिंदी अर्धं मराठी. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. दादाला जो आजार होता तोच मला आहे आणि त्याची होती तीच गोळी मी घेतो, हे तिला माहीत आहे. तरी तिने मागितलं, कारण दादा कशाने गेला हे तिला कळलेलंच नाही. तिला वाटतं तो तपात गेला, पुण्यवान होता. जैन स्थानकातल्या बायकाही तिला तेच सांगतात.

तुलाही नीट कळलेलं नाही. तुझे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी तुला पलंगावरून उठायलाही मनाई केली होती, म्हणून कोणी काही बोललं नाही. आता सांगतो.

आपल्याकडे मनाच्या दुखण्याचा एक रिवाज आहे, तुला ठाऊक आहे. जळगावच्या माणसाने धुळ्याला दाखवायचं आणि धुळ्याच्याने जळगावला. दादा पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा बाऊजी होते, त्यांनी त्याला धुळ्याला नेलं आणि नाव लिहिताना मामांचं आडनाव लावलं. पुढे माझी पाळी आली तेव्हा मी दुकानासाठी धुळ्यात राहायला आलो होतो, म्हणून मला जळगावला नेलं. तो धुळ्याला यायचा तेव्हा माझ्याकडे उतरायचा, मी जळगावला जायचो तेव्हा त्याच्याकडे. दोघांपैकी कोणीच आपल्या गावात आजारी नव्हता. एकदा मी त्याच्यासोबत धुळ्याच्या दवाखान्यात बसलो होतो, तर समोर आपल्या गल्लीतले रतिलालकाका. काका म्हणाले, दाताला दाखवायला आलो. दादा म्हणाला, मीही दातालाच. शेजारी शिंदखेड्याकडचा निंबा नावाचा एक शेतकरी बायकोला घेऊन बसला होता. तो आमच्याकडे बघून बायकोला म्हणाला, "सुगंधा, बठ्ठा जयगावना दात दुखी ऱ्हायनात वं." अख्ख्या जळगावचे दात दुखताहेत म्हणे. तीही हसली, आणि ती तर तिथे हसू येत नाही म्हणूनच आली होती. दादा परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत हसत होता, असं त्याने मला रात्री फोनवर सांगितलं.

या रिवाजात आपली लाज राहिली, ते खोटं नाही. पण दादाची एक फाईल धुळ्यात राहिली, ती दुसऱ्याच आडनावाची, आणि ब्लडप्रेशरची चिठ्ठी जळगावच्या फॅमिली डॉक्टरांकडे. एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. दादाने अठ्ठाईला बसण्याआधी फॅमिली डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, प्रेशर आटोक्यात आहे, हरकत नाही. त्यांना जे माहीत होतं त्यावर ते बरोबरच बोलले. धुळ्याच्या डॉक्टरांना विचारायचं दादाच्या मनात आलं नाही. तप शरीराने करायचं असतं आणि तिकडची गोळी मनाची, असं त्याने धरलं असावं. मीही तसंच धरलं असतं. पण लिथियम ही गोळी अशी आहे की अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ती बाहेर न पडता रक्तात साठत जाते. आणि अठ्ठाईत काय असतं, नुसतं उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत.

गोळीने तप मोडतं हे तो मानत होता. पण गोळी सोडली की काय होतं हे त्याला त्याहून जास्त माहीत होतं, म्हणून तो ती गुपचूप घेत राहिला. हात थरथरायला लागले, चालताना तोल जायला लागला, तर सगळे म्हणाले तपाचा थकवा. लोक त्याच्या पाया पडायला येत होते. भाभीने मला फोन केला तेव्हा त्याची जीभ जड झाली होती. मी दुकान तसंच आपल्या नोकरावर, भाईदासवर, सोडून निघालो. सकाळीच त्याला दवाखान्यात नेलं, आणि मी एरंडोलच्या पुढे अडकलो, पोचायला दुपार झाली. तिथे डॉक्टरांनी मम्मीला विचारलं, आणखी काही गोळ्या चालू आहेत का. पलंगाभोवती अर्धा समाज उभा होता. मम्मी म्हणाली, फक्त प्रेशरची. भाभीने तोंड उघडलं तर मम्मीने तिचा हात दाबला, हे भाभीने मला नंतर सांगितलं. मी पोचल्यावर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं, डायलिसिसची तयारी केली, पण तोवर खूप झालं होतं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की हे सकाळी कळायला हवं होतं. हे वाक्य मी मम्मीला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. तिला ते पेलणार नाही.

आता माझं. माझे जळगावचे डॉक्टर दिवाळीनंतर एका संस्थेत गेले, म्हणून मीही तिथे गेलो. या संस्थेची केंद्रं जळगाव आणि धुळे दोन्हीकडे आहेत, तुमच्या चोपड्यातही एक लहान शाखा निघाली आहे. मानसोपचार, व्यसनमुक्ती, समुपदेशन, साधं सर्दी-तापाचं दाखवणं, रक्ताची तपासणी, सगळं तिथेच, आणि प्रत्येक माणसाची कॉम्प्युटरवर एकच नोंद. कुठल्याही केंद्रात गेलं तरी तीच उघडते. आधी त्यांनी माझी परवानगी विचारली. मी कितीतरी दिवस दिली नाही. मम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, हर्षिताचं लग्नाचं वय होत आलं, उद्या मुलाकडच्यांनी ते उघडून पाहिलं तर? दादा गेल्यापासून तिला हर्षिताचीच काळजी. मलाही तेच वाटलं. दादाच्या मुलीला आपल्यामुळे कोणी नाकारू नये.

तिथले समुपदेशक योगेंद्र म्हणून आहेत, शांत माणूस. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. गोळ्या, तपासण्या, काय चालत नाही, एवढं उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दिसतं. मी त्यांच्याशी जे बोलतो ते वेगळं, कुलपात. कोणी नोंद उघडली तर त्याचं नाव तिथे उमटतं. मी विचारलं, आणि कोणी चोरून पाहिलं तर? ते म्हणाले, अजिबात होणार नाही असं मी म्हणणार नाही, पण झालं तर कोणी केलं ते कळेल. खोटा धीर दिला नाही म्हणून मी सही केली.

मग जेठात माल उतरवताना कंबर धरली. धुळ्याचं केंद्र दुकानापासून जवळ, पण माझ्या गावातलं. तरी गेलो. डॉक्टरबाई नव्या, मला कधी न पाहिलेल्या. दुखण्याची गोळी त्यांनी टाइप केली आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली. त्या मोठ्याने म्हणाल्या, "लिथियम चालू आहे ना तुम्हाला? मग ही नाही चालणार." गोळी बदलली, आणि रक्त तपासून बराच काळ झाला म्हणून तेही तिथेच काढून घेतलं. मी एक शब्द बोललो नव्हतो. दादाच्या वेळी असं एक यंत्र असतं, तर मम्मीला पलंगाभोवतीच्या माणसांसमोर काही बोलावंच लागलं नसतं. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं.

दार उघडंच होतं आणि बाहेर भाईदास उभा होता, मला स्कूटरवर घेऊन आलेला. त्याने ऐकलं. आठवडाभर मी त्याच्याकडे पाहत नव्हतो. शेवटी तोच म्हणाला, "शेठ, माझ्या साल्यालाबी तीच गोळी आहे. तुमचा हात थरथरतो का हो चहा घेताना? त्याचा लई थरथरतो, बशी वाजवतो नुसता." इतकंच. बाजारात कोणाला बोलला नाही. पण ही भीती एकदम जात नाही, विधी. अजून कोणी दुकानात शिरताना हसलं की वाटतं याला कळलं.

योगेंद्रांनी नोंदीत आणखी एक गोष्ट करून घेतली. बरा असताना मी माझ्याच शब्दांत लिहून द्यायचं की आजार परत येतो तेव्हा माझ्यात आधी काय बदलतं, आणि तेव्हा माझं न ऐकता कोणाचं ऐकायचं. माझं दुखणं असं आहे की वाढतं तेव्हा ते दुखत नाही. पहिला भाग मी लिहिला. झोप कमी होते तरी थकत नाही. नको ती कामं काढतो. आणि बोलतो, खूप बोलतो. दुसऱ्या भागात नाव टाकायचं राहिलं. दादाचं टाकलं असतं. मी एकटा राहतो, भाभीवर हर्षिताचं आहे, मम्मीला विचारणं शक्य नाही. मी तुझं नाव आणि नंबर दिला आहे. सोमवारी त्यांचा फोन येईल. सासूबाई शेजारी असतील हे मला माहीत आहे, आणि तुला त्यांना काय सांगावं लागेल तेही. तरी हो म्हण. आणि योगेंद्रांना सांग की श्रेयांसला अठ्ठाईला बसू देऊ नका, नोंदीत तसं लिहा. माझं मी सांगायला हवं, पण मला माझा भरवसा नाही. मम्मीचा फोन ठेवल्यावर मी घाबरलो होतो, आणि दुसऱ्याच दिवशी मला वाटायला लागलं की अठ्ठाई काय, मी मासखमणही करीन, महिनाभर. अजूनही तसंच वाटतं आहे. पहाटेच उठून मी दुकानातली सगळी मांडणी बदलली, भाईदास आला तर त्याला काही सापडेना. मग हे लिहायला बसलो, आजच भाईदास चोपड्याला येऊन तुला देईल. मी तुला कधी दोन ओळींच्या वर लिहिलं आहे का, आठवून बघ. ही इतकी पानं एका बैठकीत झाली, हात दुखत नाही, आणखी सांगावंसं वाटतं आहे. मला बरं वाटतं आहे, विधी, फार बरं वाटतं आहे. उद्या मी तुला फोन करून म्हणेन की ते पत्र फाडून टाक, माझं नाव त्यांच्याकडून काढून घे, मी ठणठणीत आहे. तेव्हा माझं ऐकू नकोस. सोमवारची वाटही बघू नकोस, मागच्या पानावर योगेंद्रांचा नंबर लिहिला आहे, पत्र हातात पडताच तूच त्यांना फोन कर.

तुझाच,
श्रेयांस