पोकीप्सीच्या दफनभूमीत पानांची रांगोळी

ती. आईस,

तुझ्या निशिगंधाचा इतक्या लांबून वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. न्यूयॉर्कमधला मोझेकचा कोर्स छान चाललाय. काचा बसवताना आता बोटं कापत नाहीत. डोंबिवलीत ऑक्टोबरचा उकाडा फार आहे का गं? बाबा संध्याकाळचे फिरायला जातात ना?

मला मात्र खोलीत बसवत नाही. सारखी चालत सुटते. काल ट्रेनने पोकीप्सीला गेले आणि स्टेशनपासून दफनभूमीपर्यंत पायीच गेले. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींची रक्षा त्यांच्या इथल्या स्नेह्यांनी तिथे ठेवली आहे. त्यांच्या दगडासमोर मी गळलेल्या लाल-पिवळ्या पानांची रांगोळी मांडली, तू दारात काढतेस तशी. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजींनी विचारलं, "तुमच्या नात्यातल्या का?"

"आमच्या गावाकडच्या," म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

डॉक्टर होऊन परतल्या आणि एकविसाव्या वर्षी गेल्या. मला आजवर त्यांच्या इकडे येण्याचंच कौतुक होतं. काल वाटलं, आजारपणात त्यांना घराची किती ओढ लागली असेल!

आई, तुझ्या गाठीचं हर्षितने मला सांगितलंय. भाऊच तो माझा, त्याला राहवलं नाही; त्याला ओरडू नकोस. फोन केला असता तर 'कोर्स पुरा करूनच ये' म्हणाली असतीस, म्हणून केला नाही. परवाचं तिकीट काढलंय. ऑपरेशनच्या दिवशी मी तुझ्याजवळ असेन.

हे पत्र येईल तेव्हा पोस्टमनला दार मीच उघडेन.

तुझीच,
निशी